लाजाळू माणसानं टॅरो शिकायला घेताना: कोकणातून नेहमी येणारे प्रश्न

मी वेंगुर्ल्याची. दहाएक वर्षं टॅरो, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून त्यांतून अर्थ वाचणं, शिकते आहे, गेली काही वर्षं शिकवतेसुद्धा. दुपारची, आमच्या पडवीत, एका वेळी दोघी-तिघींनाच. येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिल्या दिवशी आवाज फुटत नाही. माझाही फुटत नसे. त्यांनी फोनवर, निरोपात, आणि बरेचदा निघता निघता उंबऱ्यात उभं राहून विचारलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

मला चारचौघांत बोलता येत नाही. मग टॅरो माझ्यासाठी आहे का?

आहे. टॅरोत बोलणं सगळ्यात शेवटी येतं. आधी बघायचं असतं, मग ऐकायचं असतं, आणि या दोन्ही गोष्टी लाजाळू माणसं लहानपणापासून करत आलेली असतात. लग्नघरात कोपऱ्यात बसून कोण कुणावर रुसलंय हे ज्यांना न सांगता कळतं, ती हीच माणसं.

शिवाय बसण्याची पद्धतच अशी असते की संकोच कमी व्हावा. पत्ते दोघांच्या मध्ये असतात. समोरचा तुमच्या तोंडाकडे बघत नाही, चित्राकडे बघतो. तुमचीही नजर चित्रावर असते. खाली बघून बोललात तरी कुणाला वावगं वाटत नाही, कारण बघण्यासारखं सगळं खालीच असतं. देवगडकडची एक मुलगी माझ्याकडे यायची. पहिले तीन आठवडे ती फक्त वहीत लिहायची आणि वही माझ्याकडे सरकवायची. आज तिच्याकडे बायका परत परत येतात. ती मध्ये तोडत नाही, घाई करत नाही, म्हणून येतात.

टॅरोच्या संचात नक्की असतं काय?

७८ पत्ते. त्यातले २२ मेजर आर्काना. ही मोठी चित्रं: जादूगार, सम्राज्ञी, न्याय, चंद्र, सूर्य वगैरे. उरलेले ५६ मायनर आर्काना, आणि हे तुम्हाला निम्मेअधिक येतात असं समजा. गणपतीत रात्र जागवताना आपण जो ५२ पत्त्यांचा जोड वाटतो, त्याचेच हे भाऊबंद. चार रंग. कप म्हणजे आपलं बदाम, तलवारी म्हणजे इस्पिक, काठ्या म्हणजे किलवर, आणि नाणी म्हणजे चौकट. एक्का ते दश्शी तशीच. गुलामाच्या जागी इथं पेज (हुजऱ्या) आणि नाइट (घोडेस्वार) असे दोघे असतात, म्हणून प्रत्येक रंगात तेराऐवजी चौदा पत्ते होतात.

ढोबळ खूण सांगते: कप मनाचे आणि नात्यांचे, तलवारी विचारांच्या आणि वादांच्या, काठ्या उमेदीच्या आणि कामाच्या, नाणी पैसा, घर, शरीर यांची. एवढ्यावर पहिला महिना निघतो.

हे इजिप्तमधलं प्राचीन गूढ ज्ञान आहे म्हणतात. खरं का?

नाही, आणि हे नीट माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्माला आला, तो खेळ म्हणून. श्रीमंत घराण्यांनी सोन्याचा वर्ख लावून रंगवून घेतलेले त्या काळातले पत्ते आजही युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांत जपलेले आहेत. फ्रान्समध्ये टॅरो अजूनही आपण रमी खेळतो तसा खेळला जातो. इजिप्तची गोष्ट आली १७८१ साली, पॅरिसमध्ये, आंत्वान कूर द जेबलँ या लेखकाच्या ग्रंथातून. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे दावा आधी झाला, वाचता नंतर आलं. टॅरोवरून भाकीत सांगण्याचा प्रघातही युरोपात अठराव्या शतकातच रुजला.

हे सांगितलं की काहींचा हिरमोड होतो. माझा झाला नाही, त्याचं कारण सावंतवाडी. तिथल्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना मी शाळेत असताना पाहिली होती. हाताच्या तळव्यात मावणारे गोल पत्ते, लाखेचा तकाकणारा हात, आणि एकेका पत्त्यावर केसाएवढ्या रेषेत मत्स्य, कूर्म, वराह. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा अंकांचे पत्ते, एकूण १२०. ही कला विझायला आली होती तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. गंजिफेतले देव खेळाच्या पत्त्यावर आले म्हणून कुणाला हलके वाटले नाहीत. टॅरोही खेळातून आला म्हणून हलका ठरत नाही. माणसानं हातात मावेल एवढ्या कागदावर अख्खं जग मांडलं, मला त्याचंच अप्रूप आहे.

पहिला संच कोणता घ्यावा? तो कुणीतरी भेटच द्यावा लागतो का?

भेटीची अट कुठून आली देव जाणे. स्वतःच्या पैशानं घ्या.

संच रायडर-वेट-स्मिथ घ्या. शिकण्याचं बहुतेक साहित्य त्याच चित्रांवर बेतलेलं असतं. १९०९ साली लंडनच्या रायडर प्रकाशनानं तो काढला. कल्पना ए. ई. वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. कितीतरी वर्षं पामेलाचं नाव संचाच्या नावात नव्हतंच. तिनं काम पुरं झाल्यावर एका पत्रात लिहिलं होतं की काम मोठं होतं आणि पैसे फार थोडे मिळाले. १९५१ साली ती गेली तेव्हा हातात काही नव्हतं. प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात तिची आद्याक्षरं गुंफलेली सही आहे. पहिल्या दिवशी ती शोधा. मी प्रत्येकीला आधी तेच करायला लावते.

तिचं मोठं काम असं: त्याआधीच्या बहुतेक संचांत कपांच्या पंजीवर नुसते पाच कप असत. तिनं प्रत्येक पत्त्यावर माणसं आणि प्रसंग काढले. त्यामुळेच पाठांतर न येणाऱ्याला शिकता येतं.

७८ पत्त्यांचे अर्थ पाठ करायचे? माझ्या लक्षात राहत नाही.

पाठ करू नका. निदान सुरुवातीला नको. पुस्तकातला अर्थ पाठ केलात की वाचताना तुम्ही आठवत बसता, आणि लाजाळू माणूस आठवत बसला की घाबरतो. परीक्षेला बसल्यासारखं होतं.

त्याऐवजी रोज एक पत्ता. सकाळी चहाबरोबर काढा आणि वहीत फक्त काय दिसतंय ते लिहा. अर्थ नाही, दिसतंय ते. मग त्यावरून काय आठवलं ते. रात्री निजताना, दिवसात त्याच्याशी जुळणारं काही घडलं असेल तर तेही. तीन ओळी पुरेत.

तलवारींची छक्की घ्या. एक माणूस उभा राहून बांबूनं होडी ढकलतोय. पुढ्यात पाठमोरी बसलेली, डोक्यावरून पांघरूण घेतलेली बाई. तिला बिलगून एक मूल. होडीच्या पुढच्या भागात सहा तलवारी उभ्या रोवलेल्या. आता पाण्याकडे बघा. होडीच्या एका बाजूला लाटा आहेत, दुसऱ्या बाजूला पाणी अगदी संथ. पुस्तक म्हणतं, अडचणीतून दूर जाणं, स्थित्यंतर. ठीक आहे. पण ज्यानं कर्लीच्या खाडीत तरीतून पलीकडे जाताना बाकावर आपली पिशवी मांडीत घट्ट धरलेली आहे, त्याला हा पत्ता पुस्तकाआधी कळतो. तरीत बसलं की कुणी फार बोलत नाही. तरीवाल्याला वाट विचारत नाही. अलीकडचं सुटलेलं असतं, पलीकडचं लागलेलं नसतं.

हाच पत्ता मी एकदा माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला दाखवला. मला वाटलं ती बाईबद्दल बोलेल. ती तलवारींकडे बोट करून म्हणाली, "ह्यो तलवारी काढल्यो तर होडी बुडतली." खरंच आहे. तलवारी उपटल्या की तळाला सहा भोकं. काही दुःखं ओझं असतात आणि तीच भोकंही बुजवून ठेवतात. हा अर्थ मला त्या पोरीनं दिला, आणि त्यानंतर मी कुणालाही "झालं गेलं सोडून दे" असं पटकन सांगितलेलं नाही.

असे आपापले अर्थ साठले की सहा-आठ महिन्यांनी पुस्तक उघडा. तेव्हा ते गप्पा मारायला आलेल्या थोरल्यासारखं वाटतं, मास्तरासारखं नाही.

इंग्रजी यथातथाच आहे. मालवणीत वाचलं तर चालेल?

चालेलच. ज्या भाषेत तुम्ही आईशी बोलता त्याच भाषेत वाचा, संकोच निम्मा तिथंच गळतो. नावंही आपली द्या. 'द फूल' देवनागरीत लिहिलं की जास्वंद डोळ्यांसमोर येते, म्हणून माझ्या वहीत तो 'भोळो' आहे. चंद्राच्या पत्त्यावर पाण्यातून वर येणारा प्राणी पुस्तकात क्रेफिश आहे. आमच्या पडवीत त्याला सगळ्या कुर्ली (खेकडा) म्हणतात, आणि अमावस्येच्या भरलेल्या कुर्ल्या, पौर्णिमेच्या पोकळ, हे ज्यांना माहीत आहे त्यांना चंद्राचा आणि कुर्लीचा संबंध शिकवावा लागत नाही.

पावसाळ्यात पत्ते फुगतात, एकमेकांना चिकटतात. काय करू?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वर्गात कुणी विचारणार नाही, पण आपल्याकडे जूनपासून हाच पहिला प्रश्न असतो. माझा पहिला संच एका आषाढात गेला. कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. श्रावणात काढला तर सूर्याच्या पत्त्यावर काळ्या बुरशीचे ठिपके होते आणि कडा पुऱ्यांसारख्या फुगलेल्या.

कापडी पिशवी पावसात नको, ती ओल धरते. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा प्लास्टिकचा डबा घ्या. नव्या चपलांच्या, औषधांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकून देऊ नका, त्यातल्या दोन-तीन डब्यात घाला. त्या नसतील तर कोरडे तांदूळ फडक्यात बांधून. चिकटायला लागले तर पत्ते सुटे करून पंख्याखाली पसरा, मग चिमूटभर टाल्कम पावडर बोटावर घेऊन कडांवरून फिरवा आणि सुक्या सुती फडक्यानं पुसा. उन्हात घालू नका, वाकतात. मासळी साफ केल्यावर हात साबणानं धुऊन, पूर्ण कोरडे करूनच पत्त्यांना लावा. चिवट प्लास्टिकचे जलरोधक संचही मिळतात. पिसायला निसरडे असतात, पण किनाऱ्यावर टिकतात.

घरी काय सांगू? आई म्हणते, असलं काही घरात नको.

आईचं म्हणणं झटकू नका. आपल्याकडे अडल्यानडल्याला देवळात जाऊन गुरवाकरवी कौल लावतात. देवाच्या मूर्तीला लावलेली पाकळी किंवा कळा उजवीकडून पडला की घर निर्धास्त होतं. त्याला पिढ्यांचा विश्वास आहे, गाऱ्हाणं आहे, मान आहे. पत्ते दिसले की आईला वाटतं, ही पोर आता दुसरा कौल लावायला निघाली. त्यात भगतांचे, देवस्कीचे वाईट अनुभवही कित्येक घरांत आहेत.

मी आईला एवढंच सांगितलं होतं: इथं देव नाही, भूत नाही, मी कुणाला कौल देत नाही. चित्रं बघते आणि लिहिते. मग एक दिवस तिला शेजारी बसवून नाण्यांची दुर्री दाखवली. दोन नाणी झेलत नाचणारा माणूस, आणि त्याच्या मागे उंच लाटांवर हेलकावणारी दोन जहाजं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हे तर जून-जुलैतलं आपलं घर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि त्या दोन महिन्यांत इकडचा पैसा तिकडे करत घर चालवणं तिनं जन्मभर केलं होतं. त्यानंतर तिची हरकत राहिली नाही. पत्ते देवघरात मात्र ठेवायचे नाहीत, ही तिची अट मी आजही पाळते.

पाळीत पत्त्यांना हात लावायचा का? अगरबत्ती, स्फटिक लागतात का?

लावा. लागत नाहीत.

पहिलं वाचन कुणासाठी करू? घाम फुटतो.

आधी महिना-दोन महिने स्वतःसाठी. मग एका माणसासाठी, ज्याच्यापुढे चुकलात तरी चालेल. मावसबहीण, कॉलेजातली मैत्रीण. वाडीतल्या काकूंपासून सुरुवात करू नका. काकू प्रेमळ असतील, पण संध्याकाळपर्यंत विहिरीवर सगळ्यांना कळलेलं असेल, आणि लाजाळू माणसाला हे सोसत नाही.

तीनच पत्ते काढा. दहा पत्त्यांचा केल्टिक क्रॉस पुढच्या वर्षी. मांडणीही साधी: काय चाललंय, काय अडतंय, काय करून बघता येईल. बोलायला सुरुवात करणं अवघड जात असेल तर ही वाक्यं तोंडात बसवून ठेवा, मी तशीच ठेवली होती: "मी नवीन आहे, सावकाश बघते." "मला या चित्रात हे दिसतंय. तुला काय दिसतं?" "हे तुझ्याशी जुळतंय का? नसेल तर सांग." दुसरं वाक्य सगळ्यात कामाचं. ते म्हटलं की अर्धं बोलणं समोरचा करतो.

आवाज थरथरला तर थरथरू द्या. घरात पंखा लावा, गाज ऐकू येत असेल तर खिडकी उघडी ठेवा. अगदी शांत खोलीत स्वतःचा आवाज फार मोठा वाटतो.

मृत्यूचा पत्ता आला तर काय सांगू?

आधी माझी चूक सांगते. शिकायला लागून वर्षही झालं नव्हतं. नात्यातल्या एका वहिनींसाठी पत्ते काढले आणि मनोरा आला: वीज पडतेय, वरून माणसं कोसळतायत. मी घाबरून बोलून गेले, "काहीतरी मोठं पडणार आहे." त्यांचं घर तेव्हा बांधकामात होतं. त्या आठवडाभर झोपल्या नाहीत. घराला काही झालं नाही. पण त्या सात रात्री मी त्यांना दिल्या, आणि त्या परत घेता येत नाहीत.

म्हणून मृत्यूच्या, म्हणजे तेराव्या, पत्त्याकडे नीट बघा. काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर आहे. राजा खाली पडलाय. धर्मगुरू समोर हात जोडून उभा आहे. एक लहान मूल मात्र त्याच्याकडे न घाबरता बघतंय. मागे नदी आहे, आणि लांब दोन मनोऱ्यांच्या मध्ये सूर्य. कुणीतरी मरणार असं हा पत्ता सांगत नाही, आणि तसं तुम्ही कधीही कुणालाही सांगायचं नाही. काहीतरी संपतंय, त्याला संपू द्यायचं का, एवढा प्रश्न त्यातून विचारता येतो. समोरच्याचा चेहरा उतरला तर त्याला ते मूल दाखवा.

उलटा पत्ता आला तर?

सुलटा करा. पहिलं वर्ष सगळे पत्ते सुलटेच वाचा.

पण मग भविष्य कळतं की नाही?

माझं मत स्पष्ट आहे: पत्त्यांना उद्याचं माहीत नसतं. पत्ते पिसून काढले की जे येतात ते योगायोगानं येतात. पण समोर चित्र असलं की माणूस जे कुणाजवळ बोलला नसता ते बोलतो, आणि बोलता बोलता त्याला स्वतःचं मन ऐकू येतं. हे मी शेकड्यांनी पाहिलं आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या काही जणी याहून जास्त मानतात. त्यावर आमचे वाद होतात, चहा एकत्रच होतो.

कोणत्या प्रश्नांना नाही म्हणायचं? मला नाही म्हणताच येत नाही.

मला माहीत आहे. लाजाळू माणसाला 'नाही' हा शब्द सगळ्यात जड जातो, म्हणून तो आधीच ठरवून ठेवायचा. आजार काय आहे, औषध बंद करू का, गरोदर आहे का, मुलगा की मुलगी, जमिनीच्या वाटणीचा निकाल, चोरी कुणी केली, आपल्यावर कुणी काही केलंय का. या कशालाही पत्ते काढायचे नाहीत. शेवटच्या दोन प्रश्नांनी वाड्या फुटतात.

बोट परत आली नाही, अशा वेळी कुणी पत्ते काढायला सांगितलं तर त्यांच्या हातात फोन द्या. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. कुणाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याचं आलं तर पत्ते बाजूला ठेवून जवळ बसा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लावून द्या. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि कायदा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अंगात अलौकिक शक्ती असल्याचं भासवून लोकांना भीती घालणं, फसवणं, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवणं, हे गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य दिलं. टॅरो शिकणाऱ्यानं या कायद्याला घाबरू नये, तो आपल्या बाजूचा समजावा. दोष आहे, पूजा घाला, इतके हजार लागतील, असं सांगणारा कुणी 'टॅरो गुरू' भेटला तर तिथं शिकू नका.

पैसे घ्यावेत का?

पहिली दोन वर्षं नको. पुढे घ्यायचे तर आकडा आधी सांगा, संकोचानं "काय ते द्या" म्हणू नका. त्यानं दोघंही अवघडतात.

वाचताना मध्येच काहीच सुचलं नाही तर?

गप्प राहा. खरंच. नवख्याला वाटतं ती शांतता फार लांबली, घड्याळात ती दहा सेकंदं असते.

गेल्या मिरगात एक बाई आल्या होत्या, भिजलेल्या छत्रीसकट. पत्ता आला कपांची अठ्ठी: रचून ठेवलेले आठ कप मागे सोडून एक माणूस काठी टेकत डोंगराकडे निघालाय, वर चंद्र. मला एक शब्द सुचेना. वीज गेलेली होती. मी मेणबत्ती पत्त्याजवळ सरकवली आणि बसून राहिले. त्यांनी पत्ता उचलला, डोळ्यांजवळ नेला, आणि वरच्या ओळीतल्या कपांमधली रिकामी जागा बोटानं दाखवून म्हणाल्या, "हंयसर एक कप होतो." मग त्या बोलायला लागल्या. मी त्या दिवशी पुढचे दोन पत्ते उलटलेच नाहीत.